नऊ नंबरचा डावा पंजा

नऊ नंबरच्या उंदराच्या शेपटीवरची शाई बाकी अकरा जणांपेक्षा गडद होती. त्याच्या उजव्या मनगटाभोवतीचे केसही झिजले होते, अगदी बारीक पट्टीएवढ्या रुंदीत. मयुराने भिंग खिशात ठेवलं.

"शेपटीवर नंबर कोण घालतं?"

"चिन्मय, माझा विद्यार्थी. दर सोमवारी," डॉ. लतिका म्हणाल्या. "आज शुक्रवार. एव्हाना फिकट होतात."

फरीदाबादच्या या प्रयोगशाळेत लतिका तीन वर्षं एकाच प्रश्नामागे होत्या. पक्षाघाताने मेंदूचा भाग मेला, तिथे मूळपेशी सोडल्या आणि रोज तासभर अगदी सौम्य वीज दिली, तर त्या पेशी जास्त उपयोगी पडतील का? बाराही उंदरांचा डावा पंजा लुळा होता. बाराही जणांना पेशी दिल्या, बाराही जणांना तार जोडली. वीज मात्र सहांनाच. कोणत्या सहांना, हे फक्त संगणकाला ठाऊक.

काल यादी उघडली. वीज मिळालेले सहाही जण डाव्या पंजाने दाणा उचलत होते. न मिळालेल्यांपैकी पाच उचलत नव्हते. सहावा, म्हणजे नऊ नंबर, मजेत उचलत होता.

"माणसांवरच्या चाचणीसाठी अर्ज करणार की नाही, ते उद्या समितीला सांगायचंय. यादी उघडेपर्यंत तीनदा पुढे ढकललंय मी. नऊ नंबर नुसत्या पेशींनी बरा झाला असेल, तर रुग्णाच्या डोक्यात तार घालायचा मला काय अधिकार?"

एका उंदरासाठी तीन वर्षं पणाला लावणारी बाई मयुराला फार आवडली.

"सोपंय," जयंतकाका म्हणाले. मयूर विहारमधले मयुराचे हे शेजारी अवर सचिव म्हणून निवृत्त झाल्यापासून तिच्या प्रत्येक तपासात बरोबर असत. "दोन उंदरांची अदलाबदल."

"मग वीजवाल्यांत एक लुळा निघाला असता, काका. तिथे सहाही बरे आहेत."

"हं." काकांनी नाक वर केलं. "लसणाची फोडणी कुणी दिली इथे उंदरांच्या खोलीत? भूक लागली."

वीज देणारं यंत्र प्रयोगशाळेतल्याच रुचिताने बनवलं होतं. "मॅम, लॉग बघा ना. नऊला झीरो. बिल्कुल झीरो! आणि तासभर झाला की मशीन लॉक. पासवर्ड फक्त लतिका मॅमकडे."

"म्हणजे चोर लतिकाबाईच," काका पुटपुटले.

चिन्मय वैतागलेला होता. "बुधवारी नऊची शेपटी कोरी दिसली, म्हणून परत नंबर घातला. पाण्याने जाणारी शाई नाही ती. म्हटलं, चाटली असेल. माझा थीसिस बुडतोय, यार, मी कशाला त्याला बरा करू?"

प्राण्यांची देखभाल करणारे मुरलीधर बाहेरच्या बाकावर डबा उघडून बसले होते. आधी तीस वर्षं ते कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात होते.

"खिचडी घ्या मॅडम. आज संकष्टी. मिसेसने केलीय. दाण्याचं कूटसुद्धा डाव्या हाताने करते आता. दोन वर्षांपूर्वी चमचा धरवत नव्हता."

"कुणाचे उपचार?"

"रोज करून घ्यायचं, मॅडम. ती रडली तरी करून घ्यायचं."

चार वाजता सगळे लतिकांच्या खोलीत जमले.

"अदलाबदल नाही, वीजही नाही," मयुरा म्हणाली. "मग फक्त नऊलाच मिळालं असं तिसरं काय? प्राण्यांच्या खोलीत लसणाचा वास होता. तिथे कुणी जेवत नाही, आणि तिथे रोज वावरणाऱ्या माणसाचा आज उपास. उपासाला लसूण कोण खाईल? म्हणजे तो लसूण खाण्याचा नव्हता. लसूण घालून कढवलेलं तेल लुळ्या हाताला चोळतात. तेलाच्या बोटांनी शेपूट धरली, शाई गेली. आणि उजव्या मनगटावरचे झिजलेले केस? चांगला हात बांधून ठेवला, की लुळ्याला काम करावंच लागतं."

मुरलीधर उभे राहिले. "बाई, तो खात नव्हता. कोपऱ्यात बसून राहायचा, आमच्या हिच्यासारखा. सहा आठवडे जेवणाच्या सुट्टीत गॉजची पट्टी बांधून दाणा डावीकडे धरला. तुमच्या विजेला मी हात लावला नाही. प्रयोग बिघडेल असं वाटलंच नाही."

"उंदराला मालिश!" जयंतकाका म्हणाले.

"एकालाच, साहेब. बारा जणांना कुठला वेळ?"

कुणीतरी हसलं. लतिका हसल्या नाहीत. "बाकीच्या पाचांना पेशी मिळाल्या. वीज नाही, व्यायाम नाही. ते लुळेच राहिले."

"हो. तुमचं उत्तर बदललेलं नाही," मयुरा म्हणाली. "नऊला मात्र त्यात धरता येणार नाही, आणि का ते समितीला सांगावं लागेल."

"मॅम, लोक हसतील," चिन्मय म्हणाला.

"हसू देत. रोज किती वेळ, किती दाणे, सगळं मुरलीधरांना विचारून लिही." लतिका त्यांच्याकडे वळल्या. "मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. तरी पुढच्या वेळी विचारा."

"पुढच्या वेळी? म्हणजे मी कामावर आहे?"

"तुम्ही नसाल तर रुग्णांचा व्यायाम कसा घ्यायचा ते आम्हाला कोण दाखवणार? वीज मिळो न मिळो, व्यायाम सगळ्यांना द्यायचा. म्हणजे त्यावर विजेने किती भर पडते, ते कळेल."

रुचिताने चमकून पाहिलं. "रुग्णांचा? मॅम, म्हणजे अर्ज..."

लतिकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"करायचा," त्या म्हणाल्या. "उद्याच."