हवालदाराच्या हातची मेंदी

सणाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, अंगणात बांधलेल्या मेंढ्याच्या कपाळाला मेंदी लावता लावता बेकिर हवालदारांचा हात मध्येच थांबला, आणि शेजारी वाटी धरून उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीच्या, नेव्हीनच्या काळजात धस्स झालं! तिचा धाकटा भाऊ इल्कर तुरुंगात गेल्यापासून या घरात कुर्बानीचा मेंढा आला नव्हता. मेंदीचं तर नावही निघत नव्हतं. आई गेल्यावर तिच्या पेटीत सापडलेली मेंदीची पुडी बाबांनी चुलीत टाकली होती. यंदा मात्र ते कुणाला न सांगता बाजारात गेले, मेंढा घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, "मेंदी कालव."

तुर्कस्तानातल्या चोरुम गावच्या त्या गल्लीत मेंदी लागते ती नवरीला, कुर्बानीच्या मेंढ्याला आणि फौजेत निघालेल्या पोराला. तिघंही कुणाला तरी वाहून टाकलेले... इल्कर लष्करी शाळेत निघाला तेव्हा याच अंगणात ढोल वाजले होते. ज्यांची उभी हयात लेफ्टनंट साहेबांना सलाम ठोकण्यात गेली, त्या बेकिर हवालदारांनी उद्याच्या लेफ्टनंटच्या तळव्यावर स्वतःच्या हातानं मेंदीचा गोळा ठेवला होता आणि त्याची मूठ मिटताना त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला होता.

"गाडी कधीची आहे तुझी?" बाबांनी मेंढ्याकडेच बघत विचारलं.

"संध्याकाळची."

सणाच्या दिवसांत तुरुंगात मोकळी भेट असते. एरवीची ती काच मध्ये नसते, माणसाला माणूस बिलगू शकतो. नेव्हीन दर सणाला इस्तंबूलला जाई ती एकटीच, आणि निघताना बाबांचा टोमणा ठरलेला असे, "जा, गद्दाराची खुशाली विचारून ये. गल्लीला तेवढंच चघळायला होईल." लष्करातलं बंड फसलं त्याच आठवड्यात, कुणी विचारायच्या आतच, त्यांनी चहाच्या अड्ड्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "मला मुलगा नाही."

त्या एका रात्रीनं किती घरं पोखरली! इस्तंबूलच्या पुलावर रणगाडे उभे राहिले, उजाडेपर्यंत बंड चिरडलं गेलं, आणि त्यानंतर सरकारी फर्मानं निघतच राहिली. इल्करची बहीण म्हणून एका फर्मानात नेव्हीनची बालवाडीतली नोकरी गेली. खाजगी शाळांनीही दारं लावून घेतली. तिचं लग्न ठरलेलं होतं, तर होणारी सासूबाई अंगठी परत मागायला आली आणि डोळे पुसत म्हणाली, "पोरी, तुझ्यात काही खोट नाही गं. पण आमच्या धाकट्याला पोलिसात जायचंय." नेव्हीननं अंगठी काढून दिली, वर चहाही पाजला. तेव्हापासून ती लोकांच्या पडद्यांना झालरी शिवत होती, बाबांचे टोमणे मुकाट गिळत होती... आणि एक गोष्ट उरात जपत होती, जी ओठांवर आली असती तर बाबांना गल्लीत मान वर करता आली नसती.

त्या रात्री फोन तिनंच उचलला होता. नंबर अनोळखी, पण 'अब्ला', म्हणजे ताई, ही हाक इल्करची. लष्करी शाळेच्या शिबिरात मुलांचे फोन काढून घेतलेले, म्हणून त्यानं बसच्या ड्रायव्हरचा मागून घेतला होता. "अब्ला, बाबांना दे लवकर. आम्हाला बसमध्ये घालून पुलाकडं आणलंय. साहेब म्हणतात दहशतवादी हल्ला झालाय, पण इथं लोक आम्हालाच शिव्या घालतायत. माझा दोस्त म्हणतो, उतरून पळू या." टीव्हीवर तेव्हा अजून काहीच नव्हतं. बाबांनी फोन घेतला, सगळं ऐकलं आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "साहेब सांगतील तिथं उभा राहा. हलायचं नाही. मेंदी लावून पाठवलंय तुला."

दोस्त उतरून पळाला. तो आज गावी ट्रॅक्टर विकतो. इल्कर हलला नाही. त्याला जन्मठेप झाली.

"तू ऐकलं होतंस," बाबा अचानक म्हणाले. त्यांच्या बोटांवरची ओली मेंदी मनगटाकडं ओघळत होती. "फोनवर मी काय बोललो, ते सगळं तू ऐकलं होतंस."

नेव्हीननं वाटी खाली ठेवली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, बाबा ते विसरले तरी असतील, नाहीतर विसरल्याचं सोंग तरी घेत असतील! "हो," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? मी त्याला गद्दार म्हणायचो, तुला घालूनपाडून बोलायचो. एकदा तरी माझ्या तोंडावर फेकायचं होतंस."

"त्यानं शपथ घातली होती, बाबा. पहिल्याच भेटीत. म्हणाला, बाबांचं नाव निघालं तर त्यांनाही आत घेतील, मग आईकडं कोण बघणार?"

"आणि आईला...?"

"आईला माहीत नव्हतं. ती शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या पोराला कुणीतरी भरीला घातलं असणार."

बेकिर हवालदार मटकन जमिनीवर बसले. ज्या पोरानं आपल्या शब्दाखातर आयुष्य गमावलं, त्यालाच आपण परकं केलं, ते का? तो डोळ्यांसमोर आला की स्वतःचाच आवाज ऐकू येई, म्हणून! मग ते उठले, उरलेली मेंदी त्यांनी मेंढ्याच्या कपाळाला लावली, मेंढा कुर्बानीसाठी शेजाऱ्याच्या हवाली केला आणि म्हणाले, "माझंही तिकीट काढ. मी त्याला भेटतो. तिथून त्याच्या वकीलबाईंकडं जाऊ, मी साक्ष देतो. पेन्शन गेली तर जाऊ दे."

भेटीच्या दालनात प्रत्येक टेबलाशी कुणी ना कुणी रडत होतं. इल्कर आत आला, अब्लाकडं बघून हसला आणि तिच्यामागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर नजर जाताच जागीच खिळला. केस विरळ झालेले, खांदे पडलेले... बाबांनी मनात जपलेला तो कोवळा कॅडेट आता कुठंच नव्हता. इल्कर पुढं झाला आणि सणाच्या रिवाजाप्रमाणे बाबांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावायला वाकला.

बाबांनी हात झटकन मागं घेतला.

इल्करचा चेहरा पांढराफटक पडला. नेव्हीनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं... एवढं करून हा माणूस इथंही लेकाचा अपमान करायला आला का!

"हा हात नको," बाबा कसेबसे म्हणाले. "यानंच फोन धरला होता."

इल्कर क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं बाबांच्या पाठीमागं दडलेला तोच उजवा हात ओढून घेतला, त्याचं चुंबन घेतलं, कपाळाला लावला आणि कपाळावरून तो काढलाच नाही. "मेंदी कुणाला लावलीत?" बोटांवरचा लाल रंग बघत त्यानं खालूनच विचारलं.

"मेंढ्याला."

"बरं झालं. मला वाटलं, अब्लाचं लग्न ठरवलंत."

नेव्हीन हसायला गेली आणि तिला हुंदकाच फुटला. बाबांनी तिच्याकडं वळून पाहिलं. पडदे शिवून टोचलेली तिची बोटं, अंगठी नसलेला हात... हे सगळं आज पहिल्यांदाच दिसत असल्यासारखे ते बघत राहिले. "तुझंही मीच..." एवढंच ते म्हणू शकले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मी कोर्टात सांगतो," बाबा इल्करला म्हणाले. "तू मला विचारलं होतंस, तुला काहीच ठाऊक नव्हतं, मीच म्हटलं हलू नकोस. शपथेवर सांगतो."

इल्करनं अब्लाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. वकीलबाईंनी ते तिला केव्हाच सांगितलं होतं. तेव्हा अशी एखादी साक्ष असती तर कदाचित ऐकलं गेलं असतं. आता वरच्या कोर्टानंही शिक्कामोर्तब केलंय, तो ड्रायव्हर हयात नाही आणि सख्ख्या बापाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? त्या शपथेला जागताना आपण भावाला वाचवत होतो की बुडवत होतो, हा प्रश्न नेव्हीनचं अंतःकरण रोज कुरतडत होता.

"सांगा, बाबा," इल्कर हळूच म्हणाला. "उपयोग नाही व्हायचा. तरी सांगा."

पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं ओरडून सांगितलं. माणसं एकमेकांपासून सुटू लागली. इल्कर दाराकडं निघाला आणि बेकिर हवालदार त्याच्या मागं दोन पावलं गेले. पहारेकऱ्याचा हात आडवा आला तसे थांबले. त्या रात्रीपासून घशात अडकून राहिलेले शब्द आता, सगळं संपल्यावर, बाहेर पडले.

"इल्कर... उतर त्या बसमधून. घरी ये, बाळा."

इल्कर वळला. कवायतीत उभा राहावा तसा ताठ उभा राहिला.

"येतो, बाबा," तो म्हणाला आणि आत गेला.