मागून आलेलं ‘ऐकलं’

माझ्या नवऱ्याला सायकलचं वावडं आहे आणि त्याच्या वडिलांना तिचं वेड. मधल्यामध्ये मी सापडले. लग्नाला वर्ष होत नाही तोच बाबांनी माझ्यासाठी जाड टायरची सायकल आणली आणि म्हणाले, “या घरात माझ्याशिवाय कुणीतरी शहाणं असायला हवं.” तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही सासरा-सून गावाबाहेरच्या जंगलात जातो. लोक हसतात. हसू देत.

तिथली वाट कुणी बांधलेली नाही. गुरांनी, पाण्याच्या लोटांनी आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी पाडलेली ती पायवाट. वनखात्याच्या फाटकापासून जंगलातून चढत ती माळावर निघते. माळावर गुडघ्याएवढी खुरटी झुडपं आणि भन्नाट वारा, बाकी काही नाही. माळ संपला की पुन्हा जंगलात उतार लागतो: ओली मुळं, सुटी खडी, मग एक अवघड वळण, खाली ओढ्याची घळ. तिथून वाट फिरून त्याच फाटकाशी येते.

अशा वाटेवर मागे वळून बघायचं नसतं. जिकडे नजर जाईल तिकडे सायकल जाते. मान वळवलीत की झाडावर आपटलात म्हणून समजा. त्यावर बाबांनी नियम काढला. पुढच्याने ओरडून सांगायचं, “मूळ!”, “खडी!”, “फांदी!” आणि मागच्याने म्हणायचं, “ऐकलं!” बाबा आयुष्यभर बस चालवत होते. “सगळी नोकरी मागच्या घंटीवर काढली मी,” ते सांगतात. “कंडक्टरने घंटी दिली की गाडी काढायची. मागे काय चाललंय ते आपण कशाला बघायचं? भरवसा ठेवायचा!”

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. सायकल सोडायची म्हटल्यावर ते असे कोमेजले, की शेवटी डॉक्टरांनाच दया आली. हळू चालवायची आणि एकट्याने कधीच जायचं नाही, या अटींवर परवानगी मिळाली. नवरा तयार नव्हता. “त्यांना तिथे काही झालं तर...” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, मी आहे ना. तेव्हापासून वेग ताब्यात राहावा म्हणून मी पुढे आणि बाबा मागे. त्यांचं प्रत्येक ‘ऐकलं’ म्हणजे माझ्या लेखी त्यांची नाडी होती. माझे स्वतःचे वडील मला फारसे आठवत नाहीत. हा माणूस मला गमावायचा नव्हता.

मी कान तपासते. दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे, बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आवाज सोडलेला नसतानाही माणसं बटण दाबतात. कान किती बनवाबनवी करतात ते मी रोज बघते. त्यामुळे माळावर मी “खड्डा!” ओरडले आणि मागून “ऐकलं!” आलं, आणि मग जरा लांबून पुन्हा एकदा “ऐकलं!” आलं, तेव्हा मी घाबरले नाही.

“बाबा, दोनदा का म्हणता?” थांबल्यावर मी विचारलं.

“एकदाच म्हणतो. मी काय पोपट आहे?”

प्रतिध्वनी म्हणावा, तर आवाज परत फिरवायला माळावर भिंत नाही, कडा नाही. पुढच्या रविवारी तो दुसरा आवाज आणखी जवळून आला. त्याच्या पुढच्या रविवारी तर बाबांना जवळजवळ चिकटूनच. मी सहकारी मैत्रिणीकडून माझे कान तपासून घेतले. ते ठणठणीत निघाले. मग मी तो आवाज नीट ऐकू लागले. तो बाबांचाच होता, शेवटी किंचित घोगरा होणारा. फरक एकच होता. चढावर बाबांना धाप लागायची आणि त्या आवाजाला लागत नव्हती.

मग एका रविवारी माळावर एकच ‘ऐकलं’ आलं. मला केवढं हायसं वाटलं! गेलं एकदाचं, म्हणत मी उताराला लागले.

“मूळ!”

“ऐकलं!”

“खडी आहे, जपून!”

“ऐकलं गं बाई!”

अगदी माझ्या पाठीशी. वळण पार झालं, ओढा मागे पडला, फाटक आलं. मी पाय टेकवला आणि हसत मागे बघितलं.

वाट रिकामी होती.

बाबा मला वर सापडले, माळाच्या कडेला, सायकलखाली. खांद्याचं हाड मोडलं होतं. चेहरा पांढराफटक. “कधीचा हाका मारतोय,” ते कसेबसे म्हणाले. “घसा बसला माझा. आणि तू कुणाला ‘जपून’ म्हणत निघून गेलीस?”

हाड सांधलं, पण घरातलं वारं फिरलं. “आता बास,” नवऱ्याने बजावलं आणि त्याचं चुकत नव्हतं. बाबा वाद घालत नव्हते. रोज संध्याकाळी सायकलपाशी जाऊन टायर बोटांनी दाबून बघायचे, हवा भरायचे आणि आत येऊन मुकाट जेवायचे. मला ते बघवेना. मी खूप विचार केला आणि तोडगा काढला: यापुढे बाबा पुढे, मी मागे. ते सतत माझ्या डोळ्यांसमोर राहतील, मग मागून कुणी काहीही म्हणो. नवरा नाइलाजाने कबूल झाला.

त्या सकाळी बाबा लहान मुलासारखे खुशीत होते. जंगलातला चढ त्यांनी सावकाश घेतला. “फांदी!” म्हणायचे, आणि मी छाती भरून “ऐकलं, बाबा!” म्हणायचे. मागून कुणीच काही बोलत नव्हतं. माळावर ऊन पडलं होतं.

माळाच्या मध्यावर माझी चेन उतरली आणि दातेरी चाकाशी अडकून बसली.

“बाबा, थांबा!”

वारा समोरून येत होता. ते तसेच पुढे निघाले. मी चेन ओढत होते, ती हलत नव्हती.

“खडी!” बाबा ओरडले.

मी तोंड उघडलं.

“ऐकलं, बाबा!”

तो आवाज माझा होता आणि तो माझ्या पुढून आला होता.

मी जिवाच्या आकांताने ओरडले. बाबा थांबले नाहीत. उताराला लागले आणि झाडांमध्ये दिसेनासे झाले. मला फक्त ऐकू येत राहिलं.

“मूळ!”

“ऐकलं, बाबा!”

मग बाबा हसले. मनापासून, खळखळून.

“वळण आलं! सांभाळ!”

उत्तर आलं, पण शब्द कळले नाहीत. ते लांबलचक होतं.

मी सायकल टाकली आणि पळत सुटले. मुळांवर ठेचकाळले, खडीवर घसरले. वळणावर घळीत डोकावून बघितलं. खाली फक्त पाणी होतं.

बाबा फाटकाशी दगडावर बसले होते. सुखरूप. गाल लाल, डोळे चमकत होते. मला रडू फुटलं.

“अगं, रडतेस काय? काय झकास चालवलीस आज!” ते म्हणाले. “तुझी सायकल कुठे? आणि पाणी प्यायला इतका वेळ?”

मी वळून वाटेकडे बघितलं.

“आणि बोललीस किती! एरवी ‘ऐकलं’च्या पुढे तुझी गाडी जात नाही. बरं वाटलं हो मला. पुढच्या वेळेसही तूच मागे राहा.”

“मी काय बोलले, बाबा?”

“घ्या! आता माझी परीक्षा घे.” ते हसले, मग गंभीर झाले. “फक्त हातमोजे घालत जा. वळणानंतर मी पाण्याची बाटली मागे धरली, तू घेतलीस, तेव्हा हात लागला तुझा. केवढा गार! म्हटलं, ही पोरगी आजारी पडणार.”

त्यांच्या सायकलवरची बाटलीची जागा रिकामी होती.

त्यांनी माझा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला. धावून तापलेला, चेनच्या तेलाने काळा झालेला हात. जरा वेळ ते तो चोळत राहिले.

“हं,” ते समाधानाने म्हणाले, “आता आला जिवात जीव.”