देव पाण्यात

साजिरी मानेला फिट येत नव्हती, आणि म्हणूनच सगळं घर वैतागलं होतं.

रोज सकाळी तिच्या कानामागची टिकली गोड आवाजात म्हणायची, "अभिनंदन! काल एकही झटका नाही."

"डोंबलाचं अभिनंदन!" साजिरी ओरडायची.

टिकली हे तिने ठेवलेलं नाव. सरकारी नाव 'अपस्मार-वर्गक'. नखाएवढी चकती. कानामागे चिकटवली की ती मेंदूतल्या विजेच्या लाटा ऐकत बसते. फिट आली की ती कुठून सुरू झाली, कशी पसरली, हे पाहून तिचा प्रकार ठरवते आणि प्रकारावरून औषध. टिकलीने प्रकार सांगितल्याशिवाय मेडिकलमधली औषधाची पेटी उघडतच नाही. पूर्वी म्हणे डॉक्टर विचारून विचारून अंदाज बांधायचे. अंदाज चुकायचे, भोगायचे पेशंट. म्हणून हा कायदा. शहाणाच कायदा, नाही कोण म्हणतंय!

पण साजिरीला पहिली फिट शाळेच्या प्रार्थनेत आली, तेव्हा टिकली नव्हती. दुसरीच्या वेळी टिकली होती, पण आदल्या संध्याकाळी आईने तिचं डोकं खोबरेल तेलाने चपचपीत माखलं होतं. फिट सुरू व्हायच्या आधीच चकती सुळकन घसरून गादीवर. 'सुरुवात मिळाली नाही. पुढील झटक्याची वाट पाहा.'

वाट पाहा! फिट आहे की एसटी?

आणि औषध सुरू होईपर्यंत दोरी बंद. साजिरी दोरीच्या मल्लखांबात जिल्ह्यात पहिली, राज्यस्पर्धा तोंडावर आलेली, आणि सर तिला दोरीला हात लावू देत नव्हते. "वरून पडलीस तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?" ती खाली मॅटवर बसून इतर मुलींचं चढणं बघायची आणि दातओठ खायची.

शेवटी मिरजेच्या डॉ. शबनम मणेर यांच्यापुढे तिचा बांध फुटला. "मॅडम, तुम्हाला खरंच कळत नाही मला काय झालंय ते?"

"साजे, नीट बोल," आई पुटपुटली.

"बोलू द्या हो तिला. साजिरी, ढोलपथक पाहिलंयस ना? कधी कोपऱ्यातला एकच ढोल ताल सोडतो, मग शेजारचा, मग सगळे. आणि कधी अख्खं पथक एकदमच बिथरतं. लांबून ऐकणाऱ्याला दोन्ही गोंगाट सारखेच. पण पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं, तर कधीकधी झटके वाढतात."

"मग माझं कुठलं?"

"सकाळी उठल्यावर हातातून कप वगैरे उडतो का गं?"

"उडतो! आई मला धांदरट म्हणते!"

आईने मान खाली घातली.

"मग बहुतेक दुसरं. पथक एकदम बिथरणारं."

"म्हणजे कळलंय तुम्हाला! मग द्या की औषध!"

"'बहुतेक' म्हटल्यावर पेटी उघडत नाही, बाळा. टिकलीला अख्खी फिट हवी. पहिल्या क्षणापासून."

आईने खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम... आणता नाही का येणार?"

मॅडमनी फाइल मिटली. "मुद्दाम आणायला मनाई आहे," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर साजिरीला देवघर रिकामं दिसलं. सगळे देव तांब्याच्या घंगाळात, गळ्यापर्यंत पाण्यात. मनातलं पुरं होईपर्यंत आता त्यांची सुटका नव्हती.

"फिट येऊ नये म्हणून ना गं?"

आई वाती वळत राहिली.

"आई?"

"एकदाच येऊ दे म्हणून," आई म्हणाली. "एकदाच. आता तेलही नाही लावत तुला."

साजिरीला भांडायचं होतं, पण भांडता येईना. कारण येताना वाटेतल्या मारुतीला तिनेही तेच मागितलं होतं.

रविवारी सकाळी ओट्याशी चहा घेताना तिच्या हातातला कप उडाला. मग ओटाच उडाला. मग काहीच उरलं नाही.

डोळे उघडले तेव्हा ती फरशीवर होती. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्ताची चव. आईने तिला कुशीवर धरलं होतं आणि ती तिच्या कानामागे बोटांनी चाचपत होती.

"आहे! जागेवर आहे गं!"

टिकली बोलली, "नोंद पूर्ण. सुरुवात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. प्रकार निश्चित. अभिनंदन!"

मॅडमनी सांगितलेलाच प्रकार! साजिरीला हसायचं होतं, पण जीभ वळेना. तिने वर पाहिलं. जिल्ह्यात पहिली आली होती तेव्हाही आईचा चेहरा इतका उजळला नव्हता.

"पावले गं बाई, पावले!" म्हणत आई उठली आणि देवघराकडे धावली.

साजिरी तशीच कुशीवर पडून राहिली. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. घंगाळातून पाणी निथळल्याचा आवाज आला. आई कोरड्या फडक्याने एकेक देव हळुवार पुसत होती. आधी बाळकृष्ण. मग अन्नपूर्णा. मग टाक.

साजिरीचा नंबर त्यानंतर होता.