राखणदाराच्या वहाणा

"तुझ्या आवशीक सांग, मी तुझ्या बापाशीक ढकलूक नाय. गावभर सांगत फिरता तां खोटा."

दत्तप्रसादच्या सोप्यावर बसून विठ्ठल हे बोलला तेव्हा दत्तप्रसादची आई पद्मावती घरात नव्हतीच, विहिरीवर गेली होती. तरी आतल्या दाराकडे बघून त्याने भांडण काढलं. मग एकदम आवाज बसला. दत्तप्रसादने चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

मुळगावातून शिरगावला जायची जुनी पायवाट खाणीने कधीच गिळली. आता सड्यावर चढून खाणीच्या कडेकडेने वळसा घ्यावा लागतो. एका अंगाला तांबडा खड्डा, तळाशी हिरवं पाणी. दुसऱ्या अंगाला शेतं, माड आणि पार लांब नदीची चकाकी. दत्तप्रसादच्या बापाला, कृष्णनाथला, ती वाट आवडायची. चार दिवसांमागे भर दुपारी तो देवकीला, त्याच्या बहिणीला, पूजेचं बोलावणं करायला निघाला. विठ्ठलला दोनच्या पाळीला खाणीच्या ट्रकवर जायचं होतं. शेजारी-शेजारी, दोघं सोबतच निघाले.

अर्ध्या वाटेत कृष्णनाथच्या वहाणेचा अंगठा तुटला. जांभा तव्यासारखा तापलेला. म्हातारा बसला.

"वायच थांब रे. हयसून नदी बघ कशी दिसता."

"नदी बघीत बस तू. पाळी चुकली तर मुकादमाक तू जाब देतलंस?"

तिथेच काजऱ्याच्या झाडाखाली राखणदाराची, गाव राखणाऱ्या देवाची, जागा. तो गावाची शीव फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडणारा नवा जोड तिथे ठेवून जातो. त्याला कोणी शिवत नाही. विठ्ठल शिवला. रागाच्या भरात त्याने तो हातभर लांब जोड उचलला आणि म्हाताऱ्यापुढे टाकला.

"खयसून हाडलंस?"

"माझ्या पिशवेत होत्यो. घाल आणि चल."

म्हाताऱ्याच्या पायांना त्या अगदी बरोबर बसल्या.

कृष्णनाथ उठला आणि असा चालायला लागला की विठ्ठलला मागून धावावं लागलं. शिरगावची उतरण आली. म्हातारा उतरला नाही, कडेकडेने पुढेच गेला.

"तात्या, हय उतराचा आसा."

"पाय वळनत नाय रे..." मागे न बघता तो म्हणाला. "विठ्ठला... ह्यो खरीच तुझ्यो?"

तेव्हाच धावत जाऊन काढायच्या होत्या. पण काढायच्या तर खरं सांगावं लागणार. विठ्ठल उतरणीवर उभाच राहिला. खाली भोंगा झाला, आणि तो पाळीवर गेला.

लोकांनी तीन दिवस खाणीच्या पाण्यात गळ टाकले. सकाळी शोधलं, सांजेला शोधलं. भर दुपारी, तो गेला त्या वेळेला, वर कोणी गेलं नाही. काल विठ्ठल गेला.

आधी वास आला, तापलेल्या कातड्याचा. मग करकर, करकर. कृष्णनाथ आला, ओठ फुटलेले, डोळे सरळ समोर. हाताच्या अंतरावर आल्यावर बोलला, "सोड माका..." विठ्ठल वाकला, बोटं पट्ट्याला लागली, आणि त्याला दुसरी पावलं ऐकू आली. अनवाणी. म्हाताऱ्याच्या मागून कोणी नव्हतं, नुसती खडी दबत येत होती, एक पाऊल, मग एक. ती विठ्ठलच्या पाठीशी येऊन थांबली.

"मी पळालंय," विठ्ठल म्हणाला. त्याची मान वर होईना. "परत पळालंय मी, दत्ता."

दत्तप्रसादने चहा खाली ठेवला. "बापूस जितो आसा?"

"चालता."

बाहेर पद्मावतीची घागर वाजली. विठ्ठल उठला.

"माझ्यान होवचा नाय. तू झील तेचो. उद्या दुपारी वर जा, तेच्या पायातल्यो काढ. आणि मागसून अनवाणी येता तेका वाट दी."