काटा-१ वरून रोज कोण लॉगिन करतं?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यात एक अक्षरही वाढवलेलं नाही. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. गेल्या नोव्हेंबरातली भर दुपार. बुऱ्हाणपूर, लालबागकडची एक कापसाची जिनिंग. तिथले कॉम्प्युटर मी, तृप्ती, सांभाळते.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. माणसांवर तर त्याहूनही नव्हता.

गाड्या तोलणाऱ्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर आपोआप चालतं. त्यासाठी एक खातं आणि त्याचा पासवर्ड लागतो. आमच्याकडे ते खातं काटेवाल्या वामनकाकांच्याच नावाने होतं. काका दिवाळीआधी वारले. नाव काढणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. मी फक्त पासवर्ड बदलला.

दुसऱ्याच दिवसापासून सुरू झालं...

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. खातं लॉक. काटा बंद. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.

कुणीतरी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकत होतं, म्हणून खातं आपोआप लॉक होत होतं.

रोज. त्याच वेळेला.

पासवर्ड कुठल्या कॉम्प्युटरवरून टाकला जातो, ते मी सर्व्हरच्या नोंदीत शोधलं...

काटा-१.

काकांचा जुना कॉम्प्युटर. तो तर मी स्वतः भंगारात दिला होता!

मला भीती नाही, राग आला. कुठल्याही लॅपटॉपला ते नाव देता येतं. आणि काट्याची खडानखडा माहिती एकालाच होती. काकांसोबत पंधरा वर्षं बसलेल्या चेतनला.

"मॅडम, मी नई केलं. पोरीची कसम," तो म्हणाला. "मले लॅपटॉप कुठं येते चालवता?"

सगळे असंच म्हणतात. मी मालकांना, शालिग्राम साहेबांना, त्याचं नाव सांगितलं. संध्याकाळपर्यंत चेतन घरी.

दुसऱ्या दिवशी, दोन वाजून दहा मिनिटांनी...

खातं लॉक.

मी किल्ली घेऊन काट्याच्या केबिनकडे धावले. चेतन नाही, म्हणून दाराला बाहेरून कुलूप. पण आतून...

टक. टक टक. टक.

कुणीतरी दोन बोटांनी सावकाश टाइप करत होतं. काका असंच करायचे.

कुलूप काढताच आवाज थांबला. टेबल रिकामं. नेटवर्कची वायर नुसती लोंबत होती. खुर्चीला हात लावला...

कोमट.

मी धडपडत सर्व्हरपाशी आले आणि जुना पासवर्ड परत लावला.

त्यानंतर आजवर खातं लॉक झालेलं नाही. रोज दोन वाजून दहा मिनिटांनी काटा-१ वरून लॉगिन होतं. पहिल्याच फटक्यात.

साहेब खूश आहेत. "देखा? चेतन गेला अन् गडबड बंद!" ते सगळ्यांना सांगतात.

खरं बोलले तर मला वेडी ठरवतील. म्हणून मी मान डोलावते. लाज वाटते, तरी डोलावते.

काल चेतनचा फोन आला.

"मॅडम, मी गेल्यावर बंद झालं म्हणे. तरी मी नई केलं हो. तुमी तरी मानता ना?"

हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब आत आले. मी फोन कट केला.

तेव्हा मी काट्याच्या केबिनमध्ये होते. चेतनला हो न म्हणताच मी फोन कट केला, ते काकांनी ऐकलं असेल का, हीच आता भीती वाटते.