लग्नात न हसलेल्या वहिनी

सकाळचे आठ वाजायला दहा मिनिटं होती आणि वहिनींच्या हातातून कवळी निसटली... टण्णकन बेसिनवर आपटली आणि वरच्या दातांचे सरळ दोन तुकडे! घरी कवळी धुताना त्या आधी बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरायच्या. पण इथे, परक्या गेस्ट हाउसच्या इवल्याशा न्हाणीघरात, सहलीच्या चौथ्याच दिवशी नेमका तेवढाच विसर पडला.

"वहिनी, आवरलं का तुमचं? डोळ्यांच्या थेंबांची वेळ झाली," बाहेरून नणंदेने हाक मारली.

वहिनींनी घाईघाईने दोन्ही तुकडे डबीत टाकले. तीस वर्षं या पोरीपासून जिवापाड लपवलेली एकच गोष्ट... आणि ती आज अशी उघडी पडायची!

पोरच होती ती त्यांची. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा ही आईवेगळी नणंद सात वर्षांची होती. दिवसभर शाळेत शिवणकाम शिकवून आल्यावर वहिनींनी तिच्या वेण्या घातल्या, तिचे पाढे घेतले, तिचं शिक्षण मोडू नये म्हणून बदलीच्या गावची बढतीसुद्धा हसत सोडून दिली. तेव्हा ती 'वहिनी, तू' म्हणून गळ्यात पडायची. मग तिचं लग्न झालं आणि 'तू'चं 'तुम्ही' झालं! "माझ्या लग्नात सुतकी चेहऱ्याने वावरलात, एकदाही हसला नाहीत. एवढं डोळ्यांत सलत होतं का माझं सुख?" असं बोलून ती सासरी गेली, ती मनाने परत आलीच नाही.

आता नकाशांच्या कचेरीतून तीही निवृत्त झाली होती. डोळ्यांत काचबिंदू, हाताला कंप आणि सहलीला बरोबर येणारी मैत्रीण आयत्या वेळी आजारी. तिने वहिनींना फोन केला, आवाज कोरडा होता. "थेंब चुकले तर नजर जाईल म्हणतात डॉक्टर. घालायला कुणीतरी हवं. येता का?" त्या 'कुणीतरी'कडे कानाडोळा करून वहिनींनी त्याच संध्याकाळी बॅग भरली होती.

तोंडावर रुमाल धरून त्या बाहेर आल्या. नणंद उशीवर मान टेकून, छताकडे बघत पडली होती. एका हाताने पापणी ओढायची, दुसऱ्या हातात बाटली... रुमालाला तिसरा हात आणायचा कुठून? क्षणभर वाटलं, बरं नाही म्हणून सांगावं. पण थेंब? 'माझी लाज राहिली काय नि गेली काय... पोरीची नजर राहू दे!' असं मनाशी म्हणत त्यांनी रुमाल बाजूला टाकला, ओठ घट्ट मिटले आणि वाकून थेंब अचूक डोळ्यात सोडला. मग रोजच्या सवयीने बोलून गेल्या, "डोळा मिटून कोपरा दाबून धर..."

शब्दांऐवजी नुसती फुसफुस बाहेर पडली! नणंदेने मिटायचा तो डोळा टक्क उघडला.

"वहिनी! तुमचे दात?"

"कवळी फुटली."

"कवळी? कधीपासून लावता?"

वहिनींनी बाटलीला झाकण लावलं. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या लग्नापासून."

आणि मग थांबवेना. "आदल्या दिवशी तुझा पोशाख इस्त्री करून जिना उतरत होते. पाय घसरला. दोन्ही हातांत तुझे कपडे... ते जमिनीला लागू द्यायचे नव्हते ना! तोंडावरच पडले. समोरचे चार दात गेले. हसले असते तर सगळं लग्नघर तुला सोडून माझ्याभोवती जमलं असतं गं..."

"आणि दादाला माहीत होतं?"

"त्यांना मीच शपथ घातली होती."

"मग नंतर तरी सांगायचंत ना, वहिनी!"

"तू विचारलंस कुठे? नुसतं सुनावलंस. मलाही राग आला होता. तुझ्याएवढीच हट्टी आहे मी!"

नणंदेने त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि तीस वर्षांचं सगळं साचलेलं हुंदक्यांतून वाहू लागलं. "वहिनी... मी तुला काय काय बोलले गं!"

'तुला' म्हणाली! वहिनींचं मन भरून आलं, पण दुसऱ्याच क्षणी त्या दचकल्या. "अगं रडू नकोस, औषध वाहून चाललंय!"

पुन्हा थेंब घातला, पुन्हा तिला रडू फुटलं. आणि तिसऱ्या खेपेला दोघींना असं हसू लोटलं की थेंब थेट नाकावर!

शेवटी एकदाचे थेंब डोळ्यात गेले आणि दोघींनी दातांचा दवाखाना शोधून तुकडे जोडायला दिले. कवळी संध्याकाळी मिळणार होती, सहलीची बस मात्र धबधबा बघायला दहालाच सुटणार होती.

"तू जा," वहिनी म्हणाल्या, "माझ्यापायी नको थांबूस."

"आयुष्यभर हेच केलंस! आज तुझं ऐकणार नाही," नणंद म्हणाली आणि बसवाल्याला हात हलवून तिने निरोप दिला.

मग दिवसभर त्या तळ्याकाठी भटकल्या. नणंदेने मऊ पिकलेली केळी आणली, आइसक्रीम आणलं, चमच्याने भरवलं. वहिनींच्या प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजे आणि ती पोट धरधरून हसे. ऊन कललं, होडीवाल्याने शेवटच्या फेरीची हाक दिली, नेमका तेव्हाच दवाखान्यातून फोन आला.

"कवळी तयार आहे म्हणतात, तासाभरात दवाखाना बंद होईल. काय सांगू?" नणंदेने विचारलं.

वहिनींनी चपला काढून हातात घेतल्या, दुसऱ्या हाताने नणंदेचं मनगट धरलं आणि होडीत पाय टाकला.

"सांग, उद्या येतो!"