पान दोनशे अकरा

"अगो गौरवी, तुजें भुरगें अजून तान्हें आसा. हें पुस्तक मागीर केन्ना तरी वाच," सुशीलाबाई म्हणाल्या होत्या. त्या गोव्यातल्या डिचोलीच्या महिला वाचकमंडळाचं पुस्तकांचं कपाट सांभाळत. गौरवी हसली होती. "बाई, सायकॉलॉजी घेऊन बी.ए. केलंय मी. मला कसली भीती?"

मंडळाचा नियम साधा होता. वाचायचं, ग्रुपवर मत लिहायचं आणि पुस्तक यादीतल्या पुढच्या बाईकडे पोचवायचं. गौरवीला सहा दुपारी लागल्या. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात, पुस्तक मांडीवर आणि समोर सहा महिन्यांचा साईश झोपलेला.

पहिली दीडशे पानं तिला मनापासून पटली. उतू गेलेलं दूध, न विंचरलेले केस, भांडायलाही त्राण न उरलेली बाई. लिहिणाऱ्याने बाळंतिणीचं घर आतून बघितलंय, असं तिला वाटलं. कादंबरीतल्या बाळाचं नाव साईशच निघालं, तेव्हा मौजही वाटली.

मग शेवट आला. पान दोनशे अकरावर ती आई भर दुपारी बाळाला उचलते आणि गौरवीच्या घरामागे होती तशाच बंद खाणीत साचलेल्या तांबड्या पाण्याकडे चालू लागते. का, ते कुठंच नाही.

"दोनशे पानं बाई शहाणी दाखवायची आणि मग कारण न देता पाण्यात घालायची!" संध्याकाळी तिने नवऱ्यावर, स्वप्नीलवर, तोंडसुख घेतलं. "आई म्हटली की डोकं फिरवून मोकळे हे लोक!"

"माझ्यावर कित्याक तापतेस? मी लिहिलंय काय ते?" स्वप्नील म्हणाला. "आणि चपला धू आधी. लाद्या तांबड्या केल्यास सगळ्या."

दाराशी तिच्या चपला होत्या. पट्ट्यांपर्यंत ओला, तांबडा चिखल. पाऊस पडून चार महिने झाले होते, आणि ती दिवसभरात घराबाहेर पडली नव्हती.

साईशचं झबलंही खालच्या कडेला ओलं होतं. तिने ते रागारागाने बादलीत बुडवलं. तळाला तांबडा गाळ बसला.

मत न लिहिताच तिने सकाळी पुस्तक स्वप्नीलच्या हाती धारगळला पाठवलं. यादीत पुढचं नाव श्रद्धाचं होतं. कॉलेजातली मैत्रीण, माहेरी बाळंत होऊन सात दिवस झालेली. आत चिठ्ठी ठेवली, 'वाच आणि सांग, लेखक वेडा की मी.' तिला फक्त ते पुस्तक घराबाहेर हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी श्रद्धाचा फोन आला.

"गौरवी, ह्यात माझ्या बाळाचं नाव आहे."

"माझ्याही वेळी होतं गो. योगायोग."

"तुझ्या साईशचं बारसं झालेलं. माझ्या बाळाचं परवा आहे. आत्येने कानात सांगेपर्यंत नाव कुणाला कळू द्यायचं नसतं. आत्येलाही अजून सांगितलेलं नाही मी. नुसतं मनात धरलंय."

गौरवी उभी राहिली. "कुठल्या पानावर आहेस?"

"दोनशे दहा."

"बंद कर. पुढे ती बया खाणीच्या पाण्याकडे..."

"खाण खंय? ह्यात कालवा आहे. आमच्या घरामागच्यासारखाच." श्रद्धाचा आवाज एकदम मऊ झाला. "थांब हं. पान संपवते."

फोन बंद झाला.

गौरवीने पुन्हा लावला. पुन्हा. पाचव्यांदा श्रद्धाच्या आईने उचलला.

"ती? भुरग्याक घेऊन भोंवपाक गेल्या. येतली आतां."

बाळाला घेऊन फिरायला? बारशाआधी बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही. हे त्या माउलीनेच सगळ्या गावाला शिकवलेलं. आत्ता मात्र ती दुधाचा हिशेब सांगावा तशी सांगत होती. "काकी, धावा!" गौरवी ओरडली. पलीकडे कुणी पुस्तकाचं पान उलटल्यासारखा आवाज आला.

स्वप्नीलचा फोन लागेना. पोलिसांच्या शंभर नंबरवर बोलून झालं. गाडी निघाली म्हणाले, पण कुठून ते सांगेनात.

साईशला कडेवर घट्ट धरून तिने एका हाताने ग्रुपवर लिहिलं.

'पूर्वार्ध उत्तम. शेवट नालायक. बाकी मत नंतर. धारगळच्या आसपास जी कुणी असेल, तिने आत्ता कालव्यावर जावं. श्रद्धाच्या घरात विचारायला थांबू नका, सगळं बरं आहे म्हणतील. सरळ पाण्याकडे जा. आणि बाळ तिच्या कडेवर आहे, एवढं मला कळवा.'